रघुवीरशेठ अंदमानवाले

रघुवीर ताम्हनकरला आमच्या चाळीत सगळे 'शेठ' म्हणतात. धंद्यात उतरल्यावर हे नाव मिळालं असं कोणी समजू नये. ते मिळालं तेव्हा तो फोर्टातल्या एका शिपिंग एजंटच्या कचेरीत कारकून होता आणि जहाजांच्या कागदांच्या प्रती क्रमाने लावून त्यांना टाचण्या मारत होता. हे काम त्याने सव्वीस वर्षं केलं. आणि सव्वीस वर्षं जहाजांचे कागद लावणारा हा गृहस्थ स्वतः मांडव्याच्या लाँचमध्ये बसला, तर गेटवे दिसेनासं व्हायच्या आत ओकायचा.

शेठ म्हणायचं कारण असं, की हा माणूस कुठल्याही हॉटेलात शिरला की मेन्यूकार्डाकडे बघत नसे. आधी टेबलं मोजायचा. मग पोऱ्या फडकं कसं मारतो ते बघायचा. मग मीनाक्षीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, कानाशी लागून सांगायचा, "आठ टेबलं आहेत आणि कोपऱ्यातलं वाया घालवलंय. मी असतो तर तिथे हात धुवायचं बेसिन घेतलं असतं." मीनाक्षी म्हणायची, "अहो, वडा गार होतोय."

रात्रीची जेवणं झाली की गॅलरीत खुर्ची टाकून तो आम्हाला सांगायचा, "नोकरी म्हणजे काय हो, मेघनावहिनी? आपलं स्वतःचं काहीतरी पाहिजे." त्या 'काहीतरी'त आजवर पोळीभाजी केंद्र येऊन गेलं, उसाचा रस येऊन गेला, कोकम सरबताची एजन्सी येऊन गेली. सगळं त्या खुर्चीतच उघडलं आणि त्या खुर्चीतच बंद झालं. मी विचारायचे, "काय शेठ, आज कुठली शाखा?" तो लाजून हसायचा. रागवायचा नाही. हा त्याचा सगळ्यात मोठा दोष. जो रागवत नाही त्याची चेष्टा कुठे थांबवायची हे माणसाला कळत नाही. आम्हालाही कळलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ही दोघं अंदमानला गेली. सगळे जातात तसे टूरने नाही, आपलं आपण बुकिंग करून. पोर्ट ब्लेअरला जेल बघून डोळे पुसले आणि पुढे तीन दिवस हॅवलॉक बेटावर राहिली. आता त्याचं नाव स्वराज द्वीप आहे, पण शेठ हॅवलॉकच म्हणतो, त्यात जरा परदेश आहे. तर तिथे या शाकाहारी जोडप्याचे हाल झाले. सकाळी टोस्ट, दुपारी केळी, रात्री टोस्ट. आणि समुद्रकाठी यांना आणखी पाच मराठी जोडपी भेटली, सगळी तशीच उपाशी. डोंबिवलीची एक बाई तर म्हणे वरणभात हा शब्द ऐकून रडली.

शेठ परत आला तो डोळ्यांत वेगळंच तेज घेऊन. खिशात कागद होता. त्यावर पाचही जोडप्यांची नावं, गावं आणि कोण काय खायला तरसलं होतं ते लिहिलेलं. "वहिनी, तीन दिवसांत दहा माणसं. नुसती चालता चालता भेटलेली! सीझनला विचार करा. तिथे एक साधी मराठी खानावळ टाकायची. मीनाक्षीच्या हाताला चव आहे. समोर समुद्र, मागे नारळ."

मी म्हटलं, "टाका की."

एवढंच म्हटलं. पण हेरंब तिथेच बसला होता. हेरंब म्हणजे आमच्या चाळ कमिटीचा सेक्रेटरी, शेठचा शाळेपासूनचा दोस्त. दोस्त असल्यामुळे शेठला सगळ्यात जास्त तोच छळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालच्या फळ्यावर, जिथे पाण्याची वेळ आणि दहावी पास झालेल्यांची नावं लिहितात, तिथे हेरंबच्या वळणदार अक्षरात मजकूर होता: 'हार्दिक अभिनंदन! आपले श्री. रघुवीर ताम्हनकर लवकरच अंदमान येथे स्वतःचे भोजनालय सुरू करीत आहेत.' खाली खडूने नारळाचं झाड. झाड मी काढलं होतं, खोटं कशाला बोलू.

आमचा हिशेब असा की शेठ येईल, लाजेल, फडक्याने पुसून टाकेल. पण दूध घ्यायला खाली गेलेला शेठ त्या फळ्यापुढे उभाच राहिला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, आणि त्या फळ्यावर त्याचं नाव आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं. दहावीला आलं नव्हतं, कारण तेव्हा गणित राहिलं होतं. तळमजल्यावरचे आजोबा बाहेर आले, त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि शेठचा हात हातात घेतला. "शाब्बास. मराठी माणसाने हेच करायला पाहिजे." शेठ म्हणाला, "हो, म्हणजे... बघतोय." संध्याकाळपर्यंत पन्नासजणांनी त्याचा हात हातात घेतला होता. 'बघतोय' गळून पडलं आणि 'दिवाळीनंतर' आलं.

महिन्याभरात त्याने राजीनामा दिला. साहेबाने तो पाऊण तासात मंजूर केला. सव्वीस वर्षांनंतर पाऊण तास! शेठला वाटलं होतं निदान चहा मागवून समजूत घालतील. तिथपासून त्याचा चेहरा उतरायला लागला.

मग तो दारोदार फिरायला लागला. सहज आल्यासारखा यायचा. माझ्याकडेही आला, चहा घेतला, आणि बशीकडे बघत म्हणाला, "वहिनी, तिथे म्हणे भूकंपबिकंप होतात."

"होतात."

"आणि डास फार."

"असणारच. ओडोमॉस घेऊन जा चार ट्यूब."

"बोट लागते हो मला. दर वेळी सामान आणायला बोटीनेच जायचं म्हणजे..."

"सवय होते, भावजी."

"खोली बंद राहील इथली."

"किल्ली माझ्याकडे द्या. आठवड्यातून एकदा झाडून घेईन."

त्याने रिकामी बशी पुन्हा तोंडाला लावली. मी काय वेडी आहे? मला कळत होतं. त्याला एक वाक्य हवं होतं, कुणाच्याही तोंडून: कशाला जाता, राहू दे. ते मिळालं असतं तर तो घरी जाऊन शांत झोपला असता आणि दुसऱ्या दिवशी साहेबाच्या पाया पडला असता. पण निरोप समारंभाची वर्गणी भरून झाली होती. शाल आणली होती. ती परत घेत नाहीत.

मीनाक्षीनेही ते वाक्य म्हटलं नाही. तिला मी जिन्यात गाठून विचारलं तर म्हणाली, "वीस वर्षं ऐकतेय गं मी. दर हॉटेलात वडा गार होईपर्यंत ऐकतेय. एकदा होऊन जाऊ दे काय ते."

समारंभ रविवारी सकाळी गॅलरीत झाला. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र मी लिहिलं, हेरंबने वाचलं. 'ज्यांना अरबी समुद्र अपुरा पडला म्हणून जे बंगालच्या उपसागराकडे निघाले...' अशी सुरुवात होती. लोक हसून लोटपोट. शेठने डोळे पुसले आणि दुसऱ्याच दिवशी ते ठाकुरद्वारला जाऊन फ्रेम करून आणलं. त्याला ती चेष्टा वाटलीच नाही. ते बघून खरं तर मला थोडं वाईट वाटायला हवं होतं.

गेली दोघं. हॅवलॉकच्या बाजाराजवळ एका बंगाली माणसाची जागा भाड्याने मिळाली. त्या माणसाला सगळे 'दादा' म्हणतात. परवाना दादाच्या नावावर, टेबलं शेठची. दारावर पाटी: 'गिरगाव थाळी – घरगुती शाकाहारी भोजन'. चाळीच्या ग्रुपवर रोज फोटो यायचे. पाटीचा फोटो, थाळीचा फोटो, पाटीखाली थाळी घेऊन उभ्या मीनाक्षीचा फोटो. हेरंबने एकदा लिहिलं, 'गिऱ्हाइकाचा पण टाक.' त्यावर शेठने समुद्राचा टाकला.

खरं काय ते मला मीनाक्षी फोनवर सांगायची. शेठची चूक अगदी साधी होती आणि ती आपल्याच माणसाकडून होऊ शकते. बेटावर त्याला जी पाच जोडपी भेटली होती ती स्वतःच्या हिमतीने आलेली. अशी मराठी माणसं थोडी. बाकी सगळी येतात ती टूर कंपनीबरोबर, आणि आपल्या टूर कंपन्या आचारी बरोबर नेतात. तांदूळ, गोडा मसाला, पापड, लोणचं, सगळं मुंबईहून जातं. सकाळी पोहे, दुपारी पंगत, रात्री खिचडी-कढी. ती माणसं भुकेली नसतात, म्हणून ती रस्त्यावर शेठला दिसली नव्हती. ती तेव्हा हॉटेलच्या हॉलमध्ये दुसऱ्यांदा श्रीखंड वाढून घेत होती. शेठने यादी केली ती भुकेल्यांची. जेवलेल्यांची करायची राहिली.

डिसेंबरात एका दिवशी बेटावर एकशेदहा मराठी माणसं होती. मीनाक्षीने मोजली. खानावळीत आली चार, त्यातली दोन बाथरूमला.

"पण आचारी येतात गं," मीनाक्षी म्हणाली.

"कुठले आचारी?"

"टूरचे. किसणी मागायला. काल एक हिंग घेऊन गेला. यांना 'शेठ' म्हणतो तोपण."

मी फोन ठेवून इतकी हसले की शेजारची प्रिती विचारायला आली, काय झालं. मग तिला सांगितलं. मग तिने दोन मजल्यांवर सांगितलं.

आणि याच सुमारास चाळीची टूर निघाली. शेठ तिथे आहे, जाऊ या एकदा, असं म्हणत म्हणत बत्तीस माणसं जमली. शेठच्या निमित्ताने जमलेली ही बत्तीस माणसं गेली कुठल्या वाटेने? दादरच्या टूर कंपनीने. जेवणासकट. शेठने निदान जेवणाशिवायचं बुकिंग करा म्हणून हेरंबला चारदा फोन केला, पण तोवर पैसे भरून झाले होते, आणि जेवण वगळलं तर कंपनी काही कमी करत नव्हती.

तेव्हा शेठने फोनवर जे सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं, कारण हेरंबने फोन स्पीकरवर टाकला होता.

"हेरंब, दादा जागा काढून घेतोय रे माझ्याकडून. त्याला एकजण भेटलाय, ते पाण्याखाली जायचं सामान विकतात ना, त्याचं दुकान टाकायचंय. दादा म्हणतो, तुझ्याकडे माणूस येत नाही. मी त्याला सांगितलंय, माझी अख्खी चाळ येतेय, बत्तीस पानं. तुमची हॅवलॉकची दुपार आहे ना, सतरा तारखेची, ती एक दुपार माझ्याकडे जेवा. तो समोर बसून बघणार आहे. भरलेली जागा एकदा बघितली की हा सीझन काढू देईन म्हणालाय."

"अरे, येऊ की! विचारतोस काय?"

"पैसे नकोत मला. एक पैसा नको."

"म्हणजे फुकट?"

"फुकट."

इथे हेरंबच्या कपाळाला आठी पडली. मी बघितली. "तसं नाही रे, पण टूरचं त्या दिवशीचं जेवण भरलेलं आहे. ते फुकट जाईल."

"तुमच्या मेन्यूत काय आहे त्या दिवशी?"

हेरंबने छापील कार्ड काढून वाचलं. "दिवस पाचवा, दुपार. अळूचं फदफदं, मसालेभात, मठ्ठा, जिलबी."

"मी तेच करतो. अगदी तेच! म्हणजे तुमचं काही बुडणार नाही."

"मग तर प्रश्नच मिटला. येतो आम्ही." हेरंबने फोन ठेवला आणि आमच्याकडे बघितलं. "तेच खायचं तर हॉटेलातून उठून तिथे कशाला जायचं?"

प्रिती म्हणाली, "जिलबी असेल तर टूरचीच बरी. मीनाक्षीला जिलबी कधी जमली नाही." यावर चर्चा झाली, आणि त्या चर्चेत मूळ मुद्दा राहून गेला. शेठला 'येत नाही' असं सांगायचं काम हेरंबचं होतं. त्याला वाटलं मी सांगीन. मला वाटलं तो सांगेल.

सतरा तारखेला सकाळी आम्ही बोटीतून हॅवलॉकला उतरलो. धक्क्यावर शेठ उभा. पांढरा सदरा, हातात अबोलीचे गजरे, बत्तीसमधल्या सतरा बायकांसाठी सतरा. ते त्या बेटावर कुठून पैदा केले देव जाणे. तो बारीक झाला होता. "साडेबारापर्यंत या," सगळ्यांना सांगत होता. "पानं मांडून ठेवतो. केळीची, खरी." आम्ही गजरे माळले. हेरंब म्हणाला, "फ्रेश होतो आणि येतो." बसमध्ये बसल्यावर म्हणाला, "नंतर चार वाजता जाऊ या त्याच्याकडे. जरा बसू. फोटोबिटो काढू. त्याला बरं वाटेल."

इथून पुढचं काही मी पाहिलं, काही मीनाक्षीने मागाहून सांगितलं.

टूरचा आचारी आणि त्याचं सामान आदल्या बेटावरून दुसऱ्या बोटीने येणार होतं. ती बोट निघालीच नाही. अकरा वाजता टूर मॅनेजर वैभव घामाघूम होऊन बाजारात फिरत होता. बत्तीस मराठी माणसं, छापील मेन्यू, आणि हातात एक जुडी कोथिंबीर नाही. फिरता फिरता तो 'गिरगाव थाळी'समोर आला. आत अळू शिजत होतं. मसालेभाताचं झाकण हलत होतं. परातीत जिलब्या.

वैभवला क्षणभर वाटलं असेल की देव आहे.

"काका, हे सगळं मला द्या. बत्तीस जणांचं आहे?"

"बत्तीस जणांचंच आहे," शेठ म्हणाला. "तुमच्याच बत्तीस जणांचं. त्यांना इथेच आणा ना, पानं मांडलीत. माझीच माणसं आहेत ती."

"काका, त्यांनी मला सकाळीच सांगितलंय, जेवण टूरचंच. मी विचारलं होतं."

शेठ खाली बसला असं मीनाक्षी म्हणते. वैभव पोरगा वाईट नाही, पण त्याला नोकरी आहे. तो म्हणाला, "मी हॉलमध्ये वाढतो. फक्त कुणाला कळता कामा नये. आचारी अडकला असं कळलं तर ही माणसं पैसे परत मागतील. तुम्ही पुढे येऊ नका. मागे उभं राहून भांडी भरून द्या."

"आणि दादा? तो बारा वाजता येऊन बसणार आहे इथे."

वैभव घड्याळ बघायला लागला. उत्तर मीनाक्षीने दिलं. "द्या त्यांना. माणसं तिकडे उपाशी, अन्न इकडे पडून. कुणासाठी राखायचं?"

बारा वाजता दादा येऊन खुर्ची टाकून बसला. समोर बत्तीस केळीची पानं, पाणी शिंपडलेली. प्रत्येक पानाभोवती मीनाक्षीने घातलेली रांगोळी. आणि शेठची पातेली मागच्या दाराने टेंपोत चढत होती.

हॉटेलच्या हॉलमध्ये आम्ही बसलो. पहिला घास घेतला आणि माझा हात थांबला. अळवात सगळं गिरगाव आंबट चुका घालतं, नाहीतर चिंच. बिंबलाची आंबट फळं घालणारी बाई एकच, कारण तिचं माहेर गुहागरचं आणि मागच्या अंगणात बिंबलाचं झाड. मी वीस वर्षं ते अळू वाटीतून घेत आलेय. मान वर करून बघितलं. सगळे भुरके मारत होते.

"बघ, याला म्हणतात अळू!" हेरंब ओरडला. "वैभव, तुमच्या आचाऱ्याला बाहेर बोलवा!"

"ते... जरा कामात आहेत," वैभव म्हणाला.

"मग टाळ्या तरी!" आणि त्याने सगळ्या हॉलला टाळ्या वाजवायला लावल्या. प्रिती जिलबी मोडत म्हणाली, "बघितलंस? मीनाक्षीला जमली असती का अशी?"

मी हात धुवायच्या निमित्ताने मागे गेले. पडद्याआड शेठ. सदऱ्यावर मठ्ठ्याचे शिंतोडे, हातात मोठा डाव. टाळ्या त्याला ऐकू येत होत्या. मला बघून तो आधी हसला, आणि मग अगदी हळू म्हणाला, "ओळखलंत ना?"

"ओळखलं."

"मला बाहेर यायचं नाही असं कबूल केलंय. पण तुम्ही बोलू शकता, वहिनी. काही सांगू नका जेवणाचं. फक्त म्हणा, चला, मसाला विडा शेठकडे खाऊ. सगळ्यांना घेऊन पाच मिनिटं या. दादा दोनपर्यंत बसलाय. पानांवर नुसती बसली माणसं तरी चालेल. एकदा त्याला भरलेली दिसू दे."

"बघते," मी म्हटलं.

मी आत आले. हेरंबला म्हटलं, "शेठकडे विडा खायला जायचं का आता?" तो म्हणाला, "आता? अडीचला काचेची बोट आहे, पैसे भरलेत. चारला जाऊच ना." मी म्हटलं, "बरं." तेवढ्यात जिलबी दुसऱ्यांदा आली. मी विचारलंच नाही असं कोणी म्हणू नये.

काचेच्या बोटीतून मासे बघितले. फार काही नव्हते.

चार वाजता बत्तीसच्या बत्तीस जण 'गिरगाव थाळी'वर धडकलो. पानं उचललेली होती, रांगोळ्या तशाच होत्या, त्या आमच्या चपलांखाली गेल्या. मीनाक्षी गल्ल्यामागे उभी होती. तिने सगळ्यांना पाणी दिलं. माझ्याकडे बघितलं नाही. शेठने सदरा बदलला होता.

"सॉरी हं, शेठ," हेरंबने त्याच्या पाठीवर थाप मारली. "टूरवाल्यांनी सोडलंच नाही. पण काय सांगू तुला, आज अळू खाल्लं! रघ्या, राग मानू नको, पण तू असं काहीतरी ठेव मेन्यूत. मग बघ कशी चालते खानावळ."

मी शेठकडे बघत होते. आता बोलेल, आता बोलेल.

"हो," शेठ म्हणाला. "शिकून घेतो."

कोपऱ्यातल्या खुर्चीत दादा अजून होताच. चार तास बसला होता तो. बत्तीस माणसं आत शिरलेली त्याने बघितली, बत्तीसही पाणी पिऊन बाहेर पडलेली बघितली. "ताम्हनकारबाबू," तो अगदी शांतपणे म्हणाला, "आपका लोग तो आया. लेकिन खाया नहीं." मग खिशातून मोजपट्टी काढली आणि दर्शनी भिंतीशी गेला. दुकानाला काचेचं दार लावायचं होतं, त्याचं माप हवं होतं.

आम्ही बाहेर पाटीखाली फोटोसाठी उभे राहिलो. उंच मागे, बायका पुढे. "शेठ कुठेय? शेठशिवाय फोटो कसला!" हेरंब ओरडला. शेठ धावत आला. पण दादाने मोजपट्टीचं एक टोक त्याच्या हातात दिलं होतं आणि दुसरं घेऊन तो दाराच्या पलीकडे गेला होता, त्यामुळे शेठला फार पुढे येता येईना. तो रांगेच्या कडेला, हात मागे ताणून उभा राहिला.

"हस की रे, रघ्या! मालक आहेस तू!"

तो हसला. मागून दादा म्हणाला, "टाइट पकड़ो." शेठने पट्टी घट्ट धरली आणि वैभवने फोटो घेतला. एकीचे डोळे मिटले म्हणून मग आणखी एक घेतला.